डूलॅली

इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांत ‘डूलॅली’ हे विशेषण अधूनमधून आढळते. अर्थ भ्रमिष्ट, डोके फिरलेला. शब्दाचा थाट पाहून तो आयर्लंडकडचा असावा असे कोणासही वाटेल; परंतु तो आला आहे नाशिकजवळच्या देवळालीहून! चाकणहून उत्तरेचा रस्ता धरिला की राजगुरुनगर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर अशी गावे मागे टाकीत नाशिक येते. त्याच्या शेजारचीच ही देवळाली. माझ्या आईचे ते माहेर, म्हणून या शब्दाची चौकशी मी अंमळ अधिक आस्थेने केली.

१८६१ साली इंग्रज सरकारने तेथे लष्करी छावणी वसविली. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी पाठविण्यापूर्वी तेथे आणून ठेवीत. फौजेची जहाजे मात्र साधारणतः ऑक्टोबर ते मार्च एवढ्याच काळात सुटत. शेवटचे जहाज गेल्यावर ज्याची मुदत संपली, त्याने सारा उन्हाळा व पावसाळा तेथेच कंठावयाचा. काम बेताचे आणि घर सदैव डोळ्यांपुढे. फ्रँक रिचर्ड्स नामक शिपायाने ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या १९३६ सालच्या आठवणींत या मुक्कामाची हकीकत दिली आहे. कोणी दारूच्या नादी लागले, कोणास हिवतापाने ग्रासिले, कित्येकांचे चित्तच ठिकाणावर राहिले नाही. अशास ‘डूलॅली टॅप’ झाला म्हणत. हा ‘टॅप’ म्हणजे पाण्याचा नळ नव्हे बरे. तो आपला ताप! पुढे इंग्रजीतून ताप उतरला, गाव तेवढे राहिले.

गंमत अशी की देवळालीची हवा उत्तम. मुंबईचे लोक प्रकृती सुधारण्यास तेथे जात आले आहेत. त्या शिपायांस बाधले ते रिकामपण.

माझा मामेभाऊ सध्या इंग्लंडात नोकरीस असतो. त्याच्या कचेरीत कोणी एका वृद्ध गृहस्थांस या शब्दाने हिणविले व सारे हसले. “हे माझ्या गावाचे नाव आहे,” असे तो म्हणाला, तर ते कोणास खरेच वाटेना. त्याचे पत्र वाचून आमच्या घरी सर्वांस संताप आला. आई मात्र शांतपणे म्हणाली, “आणि आपल्या गावची पोरे उठल्यासुटल्या एकमेकांस येरवड्यास धाडतात, ते?”

येरवड्याचे मनोरुग्णालय येथून फार दूर नाही. आमच्या आळीतील एक काका तेथे काही महिने राहून बरे होऊन आले, आणि आता दुकानही पाहतात. त्यांच्यासमोर ही थट्टा कोणी करीत नाही. पाठ वळली की करितात.