आकड्यासोबत त्याचं नाव

भाचीच्या कॉलेजच्या पायथन प्रकल्पाला विषय आम्ही आमच्या सास्तूर गावाचाच घेतला : ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या घरांची नोंदवही. पुनर्वसनात जमिनीच्या मानानं घरं ठरली होती. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या कुटुंबांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यापुढं ७५०.

'घर' हा मूळ क्लास झाला. त्याचा कन्स्ट्रक्टर मालक, क्षेत्रफळ आणि वर्ष क्रमानं घेई. त्यावरून 'पुनर्वसित घर' हा सबक्लास केला, त्यात जमिनीची भर. सबक्लासनं स्वतःचा कन्स्ट्रक्टर लिहिला की मूळ क्लासचा आपोआप चालत नाही, 'सुपर'मार्फत बोलवावा लागतो. तिथंही भाचीनं मूल्यं क्रमानंच पाठवली.

पुढं गटातल्या मैत्रिणीनं मूळ क्लासमध्ये वर्ष आधी आणि क्षेत्रफळ नंतर केलं. सबक्लास जुन्याच क्रमानं देत राहिला. सन ४०० मध्ये बांधलेलं १९९५ चौरस फुटांचं घर पडद्यावर आलं. पायथननं तक्रार केली नाही, कारण कुठल्या जागी कसलं मूल्य आलं हे तो स्वतःहून तपासत नाही, आणि दोन्ही आकडेच असल्यानं पुढंही काही अडलं नाही.

मी भाचीला मूळ कन्स्ट्रक्टरच्या यादीत मालकानंतर एक सुटी चांदणी (*) टाकायला सांगितली. पायथन ३मध्ये त्या चांदणीपुढचं प्रत्येक मूल्य नावानिशीच द्यावं लागतं.

"मामा, सगळीकडं नावं लिहीत बसायचं का?"

"मालक तसाच दे, त्यात घोटाळा होत नाही. एकासारखे एक दिसणारे आकडे मात्र नावानंच दे."

सबक्लासनं जमीन स्वतःकडं ठेवली. उरलेली नावं-मूल्यं दोन चांदण्यांच्या गाठोड्यात बांधून वर पाठवली. मूळ क्लासमध्ये उद्या छपराचा प्रकार वाढला तरी सबक्लासला हात लावावा लागणार नाही. मात्र वरच्या कन्स्ट्रक्टरनं अनोळखी नाव नाकारलंच पाहिजे. 'क्षेत्रफळ'ऐवजी कुणी 'क्षेत्र' लिहिलं, तर टाइपएररनं तिथंच अडवावं. त्यानंही सगळं गिळणारं गाठोडं ठेवलं, तर चूक मुकाट्यानं नोंदीत मुरते.

या नोंदी इथल्या कुटुंबांच्या आहेत. कुणाला कुठलं घर मिळालं, हे आकड्यांच्या क्रमावर सोडणं मला मान्य नाही. पिढ्यान्‌पिढ्या वाढणाऱ्या क्लासमध्ये क्रम बदलतात. नाव दिलेलं मूल्य आपली जागा सोडत नाही.