खोटी साक्ष

विस्मरणावर आमच्या घरी एकच उपाय चालत आला होता : पदराला गाठ मारणे. आजीच्या पदराला एकाच वेळी तीन-तीन गाठी असत, आणि कोणती कशाची हे मात्र ती विसरलेली असे! म्हणूनच २०१८ साली, साठी उलटल्यावर, हैदराबादेत क्षयाने आम्हांस गाठले आणि औषधाच्या पट्ट्या हाती आल्या, तेव्हा त्यांची युक्ती पाहून आम्ही थक्क झालो.

पट्टीभोवती कागदाचे पाकीट होते. गोळ्या दाबून बाहेर काढल्या की मागे दडलेला दूरध्वनी क्रमांक प्रकट होई. तो फिरवावा; पैसा न पडता फोन आपोआप बंद होई आणि त्या दिवसाची मात्रा आमच्या नावे नोंदली जाई. कोणता क्रमांक निघेल हे आधी कळत नसे. योजनेचे नाव नाइन्टीनाइन डॉट्स. पूर्वी रोग्यास आठवड्यातून तीनदा कर्मचाऱ्यासमोर गोळ्या गिळाव्या लागत. २०१७ पासून देशभर रोजची मात्रा आली, आणि रोज कोणी कोणासमोर बसावे?

दोन महिने चार औषधे, पुढे चार महिने तीन. तिसऱ्या महिन्यात खोकला थांबला, वजन वाढले. मळमळ तेवढी उरली. एके सकाळी आम्ही गोळ्या काढल्या, क्रमांक फिरविला, आणि गोळ्या मोगऱ्याच्या कुंडीत पुरल्या. असे नऊ दिवस चालले. यंत्र बिचारे भोळे. आमची नोंद निष्कलंक होती.

दहाव्या दिवशी आरोग्यसेविका आली. नोंदीकडे न पाहता तिने विचारले, "अंकल, पेशाब लाल आरा नै?" रिफॅम्पिसिनने लघवीस नारिंगी रंग चढतो, हे तिनेच प्रथम सांगितले होते. आम्ही मान खाली घातली. (१९५०च्या दशकात मद्रासच्या क्षय-केंद्रातही घरी औषध घेणाऱ्यांची लघवी तपासत, असे पुढे वाचनात आले. म्हणजे पहिले लबाड आम्ही नव्हतो.)

ती रागावली नाही. अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत, औषधालाच दाद देईनासे होतात, एवढे सांगून तिने विचारले, "बच्चा किसके पास सोता?"

नातू आमच्याच कुशीत झोपत असे.

बुडालेल्या मात्रा पुढे भरून काढाव्या लागल्या. पुढील सारे दिवस क्रमांक सौ.नी फिरविला, तोही आम्ही गोळ्या गिळून, तोंड उघडून, जीभ वर करून दाखविल्यावर.