यिवूतल्या आयी

“अगं, तिथं खाणार काय तुम्ही?” चीनला निघाले तेव्हा सांगलीतल्या प्रत्येकीचा पहिला प्रश्न हाच. खरं सांगते, खाण्याची पंचाईत फार दिवस टिकत नाही. भात आहे, भाज्या आहेत, कोथिंबिरीची जुडीसुद्धा मिळते. जुळवून घ्यावं लागतं ते दुसऱ्याच गोष्टींशी.

ह्यांचं काम किरकोळ माल परदेशी धाडण्याचं, म्हणून 2016 साली आम्ही झेजियांग प्रांतातल्या यिवू गावी बिऱ्हाड केलं. यिवूच्या बाजारात 75,000 च्या आसपास गाळे आहेत. पण त्याचं मूळ कळलं तेव्हा मला तो एकदम घरचा वाटला. पूर्वी इथले फेरीवाले गुळाच्या वड्या घेऊन दारोदार हिंडायचे आणि बदल्यात कोंबडीची पिसं न्यायचे. आपली बोहारीणच की! त्यातूनच पुढे 1982 मध्ये रीतसर बाजार सुरू झाला.

भाड्याच्या घरात आलं की 24 तासांच्या आत पोलिसांकडे नोंद करावी लागते. ते ह्यांनी केलं. माझी नोंद झाली मंडईत! भाव ‘जिन’वर सांगतात, एक जिन म्हणजे अर्धा किलो. आकडे एका हातावर दाखवतात. अंगठा नि करंगळी ताठ, मधली बोटं मिटलेली, म्हणजे सहा. इकडे येणाऱ्या मैत्रिणींनी आधी हे आकडे शिकावेत. भाषा मागाहून येते.

खालच्या मजल्यावर साठीच्या एक बाई राहतात. आईच्या वयाच्या बाईला इथं ‘आयी’ म्हणतात. ऐकायला आपली ‘आई’, पण अर्थ मावशी. इथंही आत्याला शब्द निराळा आणि मावशीला निराळा. जिन्यात भेटल्या की त्या विचारायच्या, “जेवलीस का?” परमुलखात हा प्रश्न किती गोड लागतो, ते तिथं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

2020 मध्ये मला दिवस गेले होते. बाळंतपणाला आई येणार होती. पण साथीमुळे 28 मार्चपासून चीननं परदेशी लोकांना, हाती व्हिसा असला तरी, येणं बंद केलं. आईनं केलेले डिंकाचे लाडू सांगलीतच राहिले. जुलैत लेक झाली. घरी आले त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले.

सकाळी दारात आयी उभ्या. हातात वाडगा, त्यात गुळाचं गरम पाणी आणि दोन अंडी. बाळंतिणीनं महिनाभर बाहेर पडायचं नाही, गार पाण्यात हात घालायचा नाही, वारं लागू द्यायचं नाही, असं त्यांनी बजावलं. मी ऐकतच राहिले. आमची आजी दुसरं काय सांगायची?

फोनवर आईला तो वाडगा दाखवला. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “त्यात काय घातलंय?”

“आलं.”

“त्यांना म्हणावं, सुंठ घाला.”

मी निरोप दिला. आयी हसल्या, आणि दुसऱ्या दिवशीही आलंच घालून घेऊन आल्या. महिनाभर एकदाही त्यांची वेळ चुकली नाही.

आता लेक “आयी” म्हणून हाक मारते, तेव्हा आम्ही दोघीही ओ देतो.