पाच पंचावन्नची धून

मिरजेच्या आमच्या घरी दिवस रेडिओवर सुरू व्हायचा. बाबा अंधारातच उठून बटण पिरगाळायचे. संच तापेपर्यंत नुसती खरखर, काचेआडचा हिरवा डोळा हळूहळू उजळायचा आणि मग तंबोऱ्यावर व्हायोलिनची ती धून. आई तोवर बंबात शेवटची ढलपी सारून मोकळी झालेली असायची. ही धून कुणी बांधली असेल, असं आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही. कृष्णेचा घाट होता, तशी ती होती. पुढे शिकायला कोल्हापूरला वसतिगृहात राहिले, तेव्हा शेजारच्या खोलीतल्या ट्रान्झिस्टरवर ती वाजली की घर आठवून गळा दाटून यायचा.

वॉल्टर कॉफमन हे नाव कानावर पडलं मुंबईत, नोकरीला लागल्यावर, एका व्याख्यानात. आकाशवाणीच्या धुनेचं श्रेय सर्वसाधारणपणे ज्याला दिलं जातं तो हा ज्यू संगीतकार. जन्म १९०७चा, बोहेमियातल्या कार्ल्सबाडचा. शिक्षण बर्लिनला. हिटलर सत्तेवर आला आणि १९३४ मध्ये हा मुंबईच्या बंदरात उतरला. हिंदुस्थानच का, तर इथला व्हिसा सहज मिळाला, असं त्याने स्वतःच सांगितलं आहे. आपलं संगीत त्याला आधी अगदी परकं वाटलं. पण इतकी माणसं ज्यात रमतात त्यात काहीतरी असणारच, उणीव आपल्याच कानात असेल, असं म्हणून तो शिकायला बसला. या एका गोष्टीसाठी मला हा माणूस फार मोठा वाटतो. जीव वाचवायला आलेल्या माणसाने आसरा देणाऱ्यांचं गाणं समजून घ्यायचा असा ध्यास घ्यावा! वॉर्डन रोडजवळच्या रेवा हाउसमध्ये तो राहायचा. मेहली मेहतांसारख्या वादकांना घेऊन त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली. १९३७ ते १९४६ मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा विभागही त्याच्याकडे होता.

कॉफमन लवकर निघाला म्हणून त्याला जमलं. चार वर्षांत सगळं पालटलं. जुलै १९३८ मध्ये एव्हियाँला ३२ देश निर्वासितांचा विचार करायला जमले; बहुतेकांनी हळहळ व्यक्त केली आणि दारं लावून घेतली. नोव्हेंबरात जर्मनी-ऑस्ट्रियाभर सिनेगॉगं पेटली, हजारो पुरुष छळछावण्यांत गेले. त्यानंतर घरोघरी एकच विषय उरला, कागद. अमेरिकेचा कोटा जर्मनी-ऑस्ट्रिया मिळून वर्षाला २७,३७०. त्यासाठी तिकडच्या कुणा नातेवाइकाने, हा माणूस सरकारवर भार होणार नाही, असं अॅफिडेव्हिट द्यायचं, सोबत आपल्या मिळकतीचे पुरावे जोडायचे. ज्यांना नातेवाईक नव्हते ते न्यूयॉर्कच्या टेलिफोन डिरेक्टरीतून आपल्या आडनावाची माणसं शोधून अनोळखी लोकांना पत्रं घालत. आपलं आडनाव एक आहे, तेव्हा आपण कदाचित नात्यातले असू, माझ्या मुलांना वाचवा. अशा पत्राचा मायना काय लिहायचा?

मुंबईतही जामीन लागत होता. इथल्या ज्यू मंडळींनी १९३४ मध्येच ज्यूइश रिलीफ असोसिएशन काढली होती. आलेल्या माणसाच्या पोटापाण्याची हमी संस्थेने घेतली, की सरकार त्याला येऊ देई. ट्रिएस्ट नाहीतर जिनोव्हाहून इटालियन बोटी सुएझमार्गे यायच्या. प्रवासी खिशात दहा मार्क घेऊन उतरायचे, कारण त्याहून जास्त रोकड बाहेर नेऊच दिली जात नव्हती. पुढे सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटलं आणि जर्मन पासपोर्टवाल्या पुरुषांना ब्रिटिशांनी सरसकट अहमदनगरच्या छावणीत घातलं. हिटलरपासून पळालेले आणि हिटलरला मानणारे एकाच तारेच्या कुंपणात. चौकशी होऊन बरेच जण सुटले, काहींना पुरंदरला ठेवलं. पुरंदरला आम्ही शाळेची सहल नेतो, तेव्हा हेही मुलांना सांगायला हवं.

कागद म्हणजे काय, हे मला जरा उशिरा, आईच्या निमित्ताने कळलं. भाऊ न्यू जर्सीला स्थायिक झाला, त्याने तिला बोलावून घ्यायचं ठरवलं. त्याच्याकडून अॅफिडेव्हिट आलं, टॅक्सचे कागद आले. इकडे मी मिरजेच्या जेवणाच्या टेबलावर आईचे दाखले पसरून बसले. शाळेच्या दाखल्यावर सुशिला, रेशनकार्डावर सुशीला, लग्नाआधीचं नाव तिसरंच. नोटरीकडे खेपा घातल्या. आई शेजारी तांदूळ निवडत म्हणाली, "मी मीच आहे, हे सांगायला एवढे कागद?" आमचा अर्ज रखडला आणि एक दिवाळी तिच्याविना भावाकडे झाली. आमचं नुकसान एवढंच. त्या ऱ्हस्व-दीर्घापायी १९३९ मध्ये प्रागला अडकलेल्या एखाद्या बाईचं काय झालं असतं, हा विचार तेव्हा मनात आला, तो गेला नाही.

कॉफमनच्या बायकोचं नाव गेर्टी. ती लेखक फ्रान्झ काफ्काची भाची, त्याची थोरली बहीण एली हिची मुलगी. गेर्टी मुंबईत आली. आई आणि धाकटी बहीण हॅना प्रागलाच राहिल्या. मार्च १९३९ मध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. ऑक्टोबर १९४१ मध्ये दोघींना गाडीत घालून पोलंडमधल्या लॉड्झच्या घेट्टोत नेलं आणि त्याच महिन्यात नात्झींनी ज्यूंना देश सोडायलाच बंदी केली. एली, हॅना परत आल्या नाहीत. गेर्टीची एक मावशी, व्हॅली, तीही लॉड्झलाच गेली. दुसरी मावशी, ओट्ला, ऑक्टोबर १९४३ मध्ये अनाथ मुलांना सोबत म्हणून स्वतःहून निघाली आणि ऑशविट्झला पोचली. त्याच वर्षांत इकडे रोज पहाटे हिंदुस्थानभर धून वाजत होती.

कॉफमन १९४६ मध्ये मुंबई सोडून गेला. पुढे कॅनडात विनिपेगला, मग अमेरिकेत ब्लूमिंग्टनला. १९८४ मध्ये तिथेच वारला. भारतीय रागांवर त्याने जाडजूड ग्रंथ लिहिले.

माझ्या भाचीला हे सगळं सांगितलं, तर तिने विचारलं, "मावशी, रेडिओवर त्याचं नाव का नाही घेत?" मला तिचं म्हणणं पटतं. वर्षातून एका सकाळी तरी निवेदकाने कॉफमनचं नाव घ्यावं, आणि त्याच्या जोडीला एली आणि हॅना यांचंही.