चोखोबांच्या घरातली माणसं

चोखोबा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकटा माणूस उभा राहतो. महाद्वाराबाहेर, हात जोडून, मान खाली घालून. कीर्तनात तो एकटाच येतो, शाळेच्या पुस्तकातही एकटाच. नामदेवांच्या घरात आई, बायको, मुलं, सुना आणि दासी जनी सगळीच अभंग रचत, हे आपल्याला ठाऊक असतं. चोखोबांच्या घरातही तसंच होतं, हे मात्र चटकन आठवत नाही. बायको सोयरा, बहीण निर्मळा, मेव्हणा बंका आणि मुलगा कर्ममेळा. बंका हा सोयरेचा भाऊ आणि निर्मळेचा नवरा, म्हणजे साटंलोटं झालेलं घराणं. या पाचही जणांचे अभंग सकलसंतगाथेत आहेत. ज्या घराला गावाच्या आत राहायची मुभा नव्हती त्या घरात पाच कवी होते.

माझं म्हणणं एवढंच, की चोखोबा त्या घरासकट वाचावेत. एकटे वाचले की ते नुसते सोसणारे दिसतात, आणि सोसणारा संत सगळ्यांच्याच सोयीचा असतो.

मंगळवेढा पंढरपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर. काळीभोर जमीन, ज्वारीचं कोठार म्हणून नावाजलेला मुलूख. चौदाव्या शतकात इथल्या गावकुसाबाहेर चोखोबांची वस्ती होती. जन्म इथलाच की बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहुणाराजाचा, यावर दोन्हीकडची माणसं आजही हमरीतुमरीवर येतात; त्यात मी पडत नाही. आयुष्य कसं गेलं ते सांगायला वाद लागत नाही. मेलेली ढोरं ओढायची, वेस राखायची, सांगेल ती वेठ करायची, आणि बदल्यात उष्टं-पाष्टं घरी आणायचं. नामदेवांना त्यांनी गुरू मानलं. लिहिता येत नव्हतं. परंपरा सांगते की त्यांचे अभंग अनंतभट्ट नावाचा ब्राह्मण उतरवून घेई. ज्याची सावली चालत नव्हती त्याचे शब्द कागदावर चालत होते. हा विरोधाभास त्या काळातही कुणाला तरी जाणवला असेलच.

आता कथा. चोखोबांच्या कथा गोड करून सांगायची आपल्याकडे रीत आहे, पण त्या मुळात गोड नाहीत. एक कथा अशी: देवाच्या गळ्यातला हार चोखोबांपाशी सापडला, म्हणून बडव्यांनी त्यांना मारलं. दुसरी अशी, की पंढरपुरात राहायची बंदी झाल्यावर ते चंद्रभागेपलीकडे गेले आणि तिथून देवळासमोर दीपमाळ उभारली. तिसरी कथा तर भलतीच आहे. चोखोबा नदीपलीकडे जेवायला बसलेत, पंगतीला विठ्ठल आहे, वाढताना सोयरेच्या हातून दही सांडतं ते थेट पीतांबरावर. चोखोबा काहीतरी बोलतात, वाटेनं जाणाऱ्या पुजाऱ्याला वाटतं हा आपल्यालाच डिवचतोय, आणि तो चोखोबांच्या थोबाडीत मारतो. परत देवळात येऊन बघतो तर मूर्तीचा गाल सुजलेला, पीतांबरावर दही. कीर्तनकार इथे थांबतात आणि टाळ्या पडतात. मला मात्र दरवेळी वाटतं, देवाचा गाल सुजला हे खरं, पण दुसऱ्या दिवशी दार उघडलं का? कथेत तसं कुठेच नाही.

एक गंमत लक्षात घ्या. या सगळ्या कथांमध्ये देव महारवाड्यात येतो. जेवायला येतो, ढोरं ओढायला हात लावतो. मंगळवेढ्याच्याच दामाजीपंतांच्या कथेत तर तो विठू महार होऊन बेदरला पैसे भरून येतो. देवाला महाराच्या घरी जायला, महाराचं रूप घ्यायला कथाकारांची कधीच हरकत नव्हती. उलट वाटेनं महाराला देवाच्या घरी न्यायची वेळ आली की कथेला शब्द सुचत नाहीत.

बाळंतपणाची कथा मला सगळ्यांत जवळची वाटते. सोयरेला दिवस गेलेले, दिवस भरत आलेले. घरात काही नाही. चोखोबा बहिणीला आणायला म्हणून तिच्या गावी निघतात आणि तिकडेच रमतात. इकडे सोयरेला कळा सुरू होतात. दारात नणंद येऊन उभी राहते, बाळंतपण करते, सगळं निस्तरते. ती नणंद म्हणजे निर्मळेच्या रूपातला विठ्ठल. देव सुईण झाला, ही कल्पनाच काय जबर आहे! पण मला त्यातली दुसरीच गोष्ट भावते. खरी निर्मळा, तिकडे आपल्या गावी, भावाला फैलावर घेते: अवघडलेल्या बायकोला एकटी टाकून आलास कसा? हे अभंगांत आहे. संताच्या घरातली बहीण संताला बोल लावते आहे, आणि गाथेनं ते बोल जपून ठेवलेत. भक्तीच्या नादात संसार विसरणाऱ्या माणसांचं आपण केवढं कौतुक करतो! चोखोबांच्या घरात मात्र त्याचा हिशेब मागणारं माणूस होतं, आणि तेही भक्तच होतं.

सोयरा तर आणखी पुढची. आपल्या अभंगांत ती स्वतःची ओळख चोख्याची महारी अशी सांगते, पण नवऱ्याच्या सावलीत उभी राहून बोलत नाही. किशोरीताई आमोणकरांनी गायलेला, सगळे रंग एकात मिसळून जाण्याचा तो अभंग सोयरेचा आहे. मैफलीत तो भैरवीला ऐकून डोळे पुसत उठणाऱ्या किती जणांना ती सोयरा कोण हे माहीत असतं? हीच बाई दुसऱ्या एका अभंगात विटाळाचा प्रश्न घेते आणि सरळ शरीरापाशी येऊन थांबते: देह म्हणून जे काही जन्माला येतं ते विटाळातूनच येतं, मग त्यातला सोवळा कोण? बाळंतपण एकटीनं सोसलेल्या बाईनं हे विचारलेलं आहे. त्यामुळे ते तत्त्वज्ञान राहत नाही, साक्ष होते.

आणि चोखोबा? त्यांच्या अभंगांत आर्जव आहे, रडणं आहे, पण खाक्याही आहे. त्यांचे जोहाराचे अभंग वाचा. महारानं पाटलाला जोहार घालावा तसा ते विठ्ठलाला घालतात. विठ्ठल धनी आणि आपण त्याच्या दरबारचे महार. केर लोटतो, राखण करतो, हिशेब सांगतो, आणि तुमच्या ताटातल्या उष्ट्यावर आमचा हक्क आहे म्हणतो. वरवर ही लीनता. पण गावच्या पाटलाचा महार ही ओळख काढून घेऊन त्यांनी ती थेट वैकुंठाच्या धन्याला लावून टाकली. मधले सगळे पाटील, कुलकर्णी, बडवे एका फटक्यात बाजूला झाले. मला ही लीनता फार हुशार वाटते.

तरी एक गोष्ट टोचते, ती टाळून पुढे जाणं बरं नाही. आपण या जातीत का जन्मलो, याचं उत्तर चोखोबांनी पूर्वकर्मात शोधलं. मागच्या जन्मी कृष्णाची निंदा घडली म्हणून हा जन्म, असं सांगणारा अभंग त्यांच्या नावावर आहे. आजच्या वाचकाला तिथे ठेच लागते. लागावीच. त्या काळात त्यांच्या हाताशी दुसरं उत्तर नव्हतं, असं म्हणून आपण सुटायला बघतो. पण दुसरं उत्तर त्याच घरात तयार होत होतं.

कर्ममेळा. त्याचे अभंग तीसही भरणार नाहीत. त्यात बापाच्या अभंगांत नाही इतका कडवटपणा आहे. तो देवाला विचारतो, आम्हाला हीन केलंस ते कशासाठी? जन्मभर उष्टं खाऊन आमचं आयुष्य गेलं, याची तुला लाज कशी वाटत नाही? आमच्या घरचा दहीभात खातोस आणि आमची अशी दशा ठेवतोस? तुझी सेवा करून आम्हाला मिळालं काय? बापानं सांगितलेला पूर्वजन्माचा हवाला मुलाला पुरत नाही. तो गुन्हा स्वतःकडे घ्यायला तयार नाही, तो देवाला जाब विचारतो.

आणि तरीही तो अभंगच रचतो. विठ्ठलाला सोडून जात नाही, त्याच्याचपाशी भांडतो. एकाच चुलीपाशी बसून बाप म्हणतो माझंच चुकलं असेल, आई म्हणते सोवळं कुणीच नसतं, आत्या म्हणते आधी घर बघ, आणि पोरगा म्हणतो तूच उत्तर दे. याला मी भक्ती म्हणतो. पाच माणसांचं एकच मत असतं तर तो पंथ झाला असता. घर झालं नसतं.

चोखोबांचा शेवट वेठीवर झाला. मंगळवेढ्याच्या गावकुसाची भिंत बांधायला त्यांना नेलं होतं. शके 1260, म्हणजे इसवी सन 1338. भिंत कोसळली, मजूर खाली गाडले गेले. ज्या भिंतीनं जन्मभर बाहेर ठेवलं तिच्याखालीच ते गेले. नामदेव मंगळवेढ्याला आले, ढिगाऱ्यातल्या हाडांमधून विठ्ठल ऐकू येईल ती हाडं चोखोबांची, असं म्हणून त्यांनी अस्थी वेचल्या आणि पंढरपुरात महाद्वारासमोर पुरल्या. हाडं नाम घेत होती की नाही, हा प्रश्न मला पडत नाही. ढिगाऱ्याखाली गाडलेल्या वेठबिगाऱ्यांमधून एकाची हाडं शोधायला त्या काळातला सर्वांत मोठा कीर्तनकार धावत आला, ही गोष्ट मला पुरते. त्या भिंतीखालच्या बाकीच्यांची नावं कुणी ठेवली नाहीत.

ती समाधी आजही तिथेच आहे. नामदेव पायरी आणि चोखोबांची समाधी समोरासमोर. एका कार्तिकीच्या आधी मी तिथे बराच वेळ उभा होतो. तुळशीमाळा, बुक्का, प्रासादिक चुरमुऱ्यांची दुकानं, ढकलाढकली. एक म्हातारी आली, चिमूटभर बुक्का समाधीला लावला, तेवढीच चिमूट स्वतःच्या कपाळाला लावली, आणि बाजूला बसून टाचेतल्या भेगा चोळू लागली. शेजारच्या पोरानं विचारलं, आजी, आत नाही जायचं? ती म्हणाली, रांग लई मोठी हाय, पायरी झाली, कळस झाला, माझं झालं. आषाढीला हजारो वारकरी असेच पायरी आणि कळसाचं दर्शन घेऊन परततात. म्हणजे चोखोबांच्या वाट्याला आलेलं दर्शन हेच आज वारीतलं सर्वसाधारण दर्शन झालंय. पण फरक विसरू नये. म्हातारीला रांगेनं अडवलं होतं, आणि पुढच्या वेळी रांग लहान असली तर ती आत जाईल.

आत जाणं सगळ्यांसाठी कधी शक्य झालं, तर 1947 साली. साने गुरुजींनी महाराष्ट्रभर फिरून रान उठवलं आणि 1 मेपासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केलं. ते 10 मे रोजी सुटलं, आणि अस्पृश्यांना विठ्ठल मंदिर खुलं झालं. 1338 पासून मोजलं तर सहाशे नऊ वर्षं. त्याआधीच गाडगेबाबांनी पंढरपुरात अस्पृश्य यात्रेकरूंसाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली होती, आणि पुढे ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. बाबासाहेबांनी 1948 साली आपला ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला: नंदनार, रविदास आणि चोखामेळा. त्यांच्या अनुयायांतल्या अनेकांना चोखोबांची लीनता पटली नाही, ते समजण्यासारखं आहे. कर्ममेळ्यानं विचारलेल्या प्रश्नाला देवाकडून उत्तर आलं नाही. 1956 साली नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारून लाखोंनी ते स्वतःच दिलं.

जितेंद्र अभिषेकींच्या आवाजातला अबीर-गुलालाचा अभंग आपण सगळे जाणतो. चोखोबांच्या नावानं गायला जातो. त्यात नंतरच्या काळातल्या एकनाथांच्या घराचा उल्लेख येतो, म्हणून तो चोखोबांचाच का यावर जाणकार शंका घेतात. ते असो. आषाढीच्या कार्यक्रमात तो सुरू झाला की सभागृह डोलायला लागतं. मुखड्यात रंग उधळतात आणि लगेच पुढच्या कडव्यात गाणारा विचारतो की मी जातीनं हीन, मी उंबऱ्याला शिवू तरी कसा. त्या ओळीवरही ठेका तसाच धरलेला असतो. गाणं चांगलं म्हणून ठेका धरला जातो, यात दोष कुणाचाच नाही. तरी एकदा त्या कडव्यापाशी टाळी थांबवून बघायला हरकत नाही.

आणि सकलसंतगाथा घरात असेल तर एक करा. चोखोबांच्या पानांनी सुरुवात करू नका, आधी कर्ममेळा वाचा. तीस अभंगसुद्धा नाहीत, तासाभरात होतात. मग सोयरा, मग निर्मळा आणि बंका. चोखोबांकडे सर्वांत शेवटी या.