खोल पाण्यातून आलेला निरोप

आम्ही इतिहासाचे शिक्षक. एके सायंकाळी वंदनेनंतर अभ्यासिकेत आठवीच्या मुलांना ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाची हकिकत सांगत होतो. १८७२ ते १८७६ या काळात त्या जहाजावरील संशोधकांनी दोरांना उपकरणे बांधून महासागरांचे खोल पाणी तपासले. त्या मोहिमेच्या अहवालाचे ५० खंड पूर्ण होण्यास १८९५ साल उजाडले. तेवढ्यात मागच्या रांगेतील एक अबोल मुलगा उठला. “सर, आता जहाज नसतानाही खोल समुद्राची माहिती येते म्हणे. ती कशी?” आम्ही म्हणालो, “तो विज्ञानाचा विषय आहे. खाली बस.” तो बसला. पुढे शाळा सोडेपर्यंत त्याने आम्हांस एकही प्रश्न विचारला नाही.

ते शल्य मनात राहिले, म्हणून आम्ही उत्तर शोधले. आज जगाच्या महासागरांत ‘आर्गो’ प्रकल्पाची सुमारे ४,००० स्वयंचलित नळकांडी फिरत आहेत. प्रत्येक नळकांडे साधारण १,००० मीटर खोलीवर प्रवाहासोबत वाहते. दहा दिवसांतून एकदा ते २,००० मीटरपर्यंत उतरते आणि तापमान व क्षारता मोजत वर येते. पोटातील तेल बाहेरील पिशवीत ढकलले की त्याचे आकारमान वाढते आणि ते तरंगू लागते. खाऱ्या पाण्यातून रेडिओलहरी फार दूर जात नाहीत; म्हणून निरोप देण्यासाठी त्याला पृष्ठभागावर यावेच लागते. तेथून उपग्रह तो निरोप उचलतो. बहुतेक नोंदी २४ तासांच्या आत जगातील कोणासही विनामूल्य पाहता येतात. आपल्या देशात हे काम हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था पाहते.

आरंभीची बहुतेक यंत्रे ‘आर्गोस’ या उपग्रहप्रणालीवरून बोलत. ते बोलणे एकतर्फी होते. आपला निरोप पोहोचला की नाही, हे यंत्रास कळत नसे. म्हणून सहा ते बारा तास लाटांवर राहून ते तेच तेच सांगत राही. पुढे ‘इरिडियम’ उपग्रहांमुळे संवाद दुतर्फी झाला. आता काम तासाभराच्या आत उरकते. शिवाय यंत्रास उलट सूचनाही देता येते. वादळाची चाहूल लागली, तर दहा दिवसांची वाट न पाहता लवकर वर येण्यास सांगता येते.

हे वाचताना आम्हांस आमचाच वर्ग दिसला. आम्ही वर्षानुवर्षे बोलत राहिलो. समोर काय पोहोचले, हे विचारले नाही. खोलवरून एक मूल मोठ्या कष्टाने वर आले, तेव्हा ऐकणारा जागेवर नव्हता. ज्यांच्या पूर्वजांना प्रश्न विचारण्याचीही मुभा नव्हती, त्यांच्या शाळेत हे घडले, याची खंत अधिक.

ही स्मरणिका त्याच्या हाती पडली, तर त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्यास मिळेल. पुढचा प्रश्न घेऊन त्याने अवश्य यावे. वंदनेनंतर आम्ही अभ्यासिकेतच असतो.