एका दिवसाची तबकडी

'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका 1967 सालची. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काबरा आणि साथीला तबल्यावर माणिकराव पोपटकर. तिघेही मुख्य वादक तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होते आणि त्यांची नावं अजून घरोघरी पोचायची होती. तबकडीला एक कल्पनेची चौकट आहे : काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस. त्यामुळे तिच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण बर्फ, देवदार आणि झरे यांच्यापासून सुरुवात करतात. मी राहतो नागोठण्यात. इथे अंबा नदी आहे, धरमतरच्या खाडीतून वर चढणारं भरतीचं पाणी आहे, भातखाचरं आहेत, मुंबई-गोवा महामार्गाची अखंड वर्दळ आहे आणि पेट्रोकेमिकल कारखान्याचे रात्रभर जळणारे दिवे आहेत. यातलं काहीही काश्मीरशी मिळतंजुळतं नाही. तरी ही तबकडी मला परकी वाटत नाही, आणि इतक्या वर्षांच्या ऐकण्यातून त्याचं कारण माझ्यापुरतं पक्कं झालं आहे. काश्मीर हा या तबकडीचा देखावा आहे. तिचा खरा विषय आहे दिवस. प्रहर बदलताना माणसाच्या मनात काय काय बदलत जातं, ते ती चाळीसेक मिनिटांत सांगते. दिवस सगळीकडेच उगवतो, म्हणून ती कुठल्याही गावात लागू पडते.

याचा पुरावा रागांच्या क्रमातच आहे. सुरुवात अहीर भैरवाने होते, त्यातूनच नट भैरव निघतो, मग दुपारचा पिलू. दुसऱ्या बाजूला संध्याकाळचा भूप, रात्रीचा देस आणि शेवटी पहाडी. पहिल्या रचनेतला सांधा जरा जवळून पाहावा. अहीर भैरवात ऋषभ आणि निषाद कोमल, धैवत शुद्ध. नट भैरवात ऋषभ आणि निषाद शुद्ध होतात आणि धैवत कोमल होतो. षड्ज, गंधार, मध्यम, पंचम जागच्या जागी राहतात. म्हणजे घर तेच, फक्त तीन स्वर हलले, आणि तेवढ्यानं पहाटेचा जडपणा जाऊन उजाडल्याचा मोकळेपणा येतो. विशेषतः कोमल ऋषभ जिथे शुद्ध होतो, तिथे कुणी खिडकी उघडावी तसं वाटतं. पुढे पिलूत दोन्ही गंधार, दोन्ही धैवत, दोन्ही निषाद अशी स्वरांची सरमिसळ येते आणि दुपारची चुळबुळ ऐकू येते. त्यानंतरच्या भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य. पाचच स्वर उरतात आणि गजबजलेलं मन एकदम निवतं. जोड संपून दादरा सुरू होतो तो याच निवलेल्या मनावर. देसात चढताना शुद्ध आणि उतरताना कोमल निषाद लागतो, त्या दोन निषादांमधली हुरहूर रात्रीची असते. हा क्रम उलटसुलट करून पाहिला तर प्रत्येक रचना सुंदरच राहते, पण तबकडी उरत नाही.

दुसरा पुरावा वाद्यांच्या वाटणीत आहे. संतूर हे काश्मीरच्या सूफियाना मौसिकीतलं वाद्य. शिवकुमारांनी त्याची जुळणी बदलली, ते मांडीवर घेऊन वाजवायला सुरुवात केली आणि 1955 मध्ये मुंबईच्या मंचावर ते पहिल्यांदा शास्त्रीय मैफलीसाठी आणलं. त्याच्यावरचा आक्षेप जुना आहे आणि तो बिनबुडाचाही नाही : कलमांच्या आघातातून सुटे सूर निघतात, मींड कशी काढणार? मींडेशिवाय राग कसा बोलणार? या तबकडीत त्याचं उत्तर एकट्या संतूराने दिलेलं नाही, तिघांनी मिळून दिलं आहे. काबरा हे अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. त्यांची गिटार आडवी ठेवून तारेवर पट्टी सरकवत वाजवायची, त्यामुळे एका सुरातून दुसऱ्या सुरात घसरत जाणं हा तिचा स्वभावच. बासरीला श्वास आहे, ती सूर लांबवू शकते. संतूर लयीचे थेंब पाडतं, गिटार त्यांना जोडणारी रेघ ओढते, बासरी त्यावर हवा भरते. एकाचं उणेपण दुसरा भरून काढतो आणि कुणीही आपली तयारी दाखवायला पुढे घुसत नाही. माणिकराव पोपटकरांचा तबलाही जागा राखून वाजतो. ऐन तारुण्यातल्या वादकांनी दाखवलेला हा संयम मला या तबकडीतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

शास्त्रीय संगीताचे जाणकार इथे थांबवतात. सहा, सात, फार तर बारा मिनिटांत राग होतो का, ही तर रागाची चव दाखवणं झालं, असं ते म्हणतात. मैफलीतल्या विस्ताराची सर या रचनांना नाही, हे मलाही मान्य आहे. पण आटोपशीर असणं आणि उथळ असणं यांत फरक आहे, आणि तो मराठी श्रोत्याला तरी समजावून सांगावा लागू नये. अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज आपल्यापर्यंत पोचला तो तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांतूनच. केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. ती अपुरी आहे असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. थोडक्यात सांगायला जास्त मुरलेली समज लागते, कारण कुठला स्वर गाळायचा हे आधी कळावं लागतं. शिवाय इथे प्रत्येक रागावर संपूर्ण रागाचं ओझं टाकलेलंच नाही. प्रत्येकाने आपल्या प्रहराचं काम करायचं आणि पुढच्याच्या हाती सूत्र द्यायचं आहे.

दुसरा आक्षेप चौकटीवर आहे. राग काही गोष्ट सांगत नाही. मेंढपाळ ही कंपनीने विक्रीसाठी चिकटवलेली कल्पना, असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. या ध्वनिमुद्रिकेचे निर्माते होते एचएमव्हीचे जी. एन. जोशी. नागपूरकडचा हा वकील 1930च्या दशकात ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' गाऊन महाराष्ट्राला माहीत झाला आणि मराठी भावगीताच्या आरंभकाळाशी त्याचं नाव कायमचं जोडलं गेलं. रानातली शीळ गाणाऱ्या माणसाने तीस-पस्तीस वर्षांनी रानातल्या मेंढपाळाचा दिवस तबकडीवर आणावा, यात मला एकाच आवडीची सलगता दिसते. भावगीताने मराठी माणसाला शिकवलं की थोडक्या वेळात, एका भावावर मन एकाग्र करून, सोप्या वाटणाऱ्या चालीतही खोल जाता येतं. तीच दृष्टी इथे रागांना लावली आहे. मेंढपाळ विसरला तरी बिघडत नाही. त्याने आपल्याला प्रहरांच्या वाटेवर आणून सोडलं की त्याचं काम झालं. देस ऐकताना माझ्यापुढे काश्मीर येत नाही, आषाढात दुथडी भरलेली अंबा येते, आणि देसाचं पावसाशी असलेलं जुनं नातं पाहता ते चुकीचं आहे असं मला वाटत नाही.

1967 हेच बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'चंही साल. सुटी गाणी एकत्र न बांधता अख्खी तबकडी एक कृती म्हणून रचायची, हा विचार तेव्हा तिकडे जोर धरत होता. आपल्याकडे त्याच वर्षी तेच घडलं, पण उसन्या कल्पनेवर नव्हे, प्रहर आणि राग यांच्या आपल्या परंपरेतल्या नात्यावर. म्हणून साठच्या दशकातल्या थोर तबकड्यांची यादी करताना हिला मी 'भारतीय विभागा'त वेगळी बसवणार नाही. आज ती हॉटेलांत आणि दवाखान्यांत मंद आवाजात लावलेली असते, त्यावरून तिला पार्श्वसंगीत ठरवणं अन्यायाचं आहे. ती कानाला गोड आहे हा तिचा गुण आहे. लक्ष न देणं हा ऐकणाऱ्याचा दोष. तेव्हा एवढंच सांगणं आहे : नंतरच्या आवृत्त्यांत जोडलेल्या जादा रचना बाजूला ठेवा, मूळच्या रचना मूळच्या क्रमाने, मध्ये न उठता ऐका. आणि ऐकताना काश्मीर शोधू नका, आपल्या गावातला दिवस शोधा.